हळदीकुंकवाला हॉल भरतो, कॅन्सरच्या तपासणीला खुर्च्या रिकाम्या. काय करावं?

कन्नमवार_वहिनी

नमस्कार. विक्रोळी पूर्वेला कन्नमवारनगरात आमचं छोटं महिला मंडळ आहे. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही एका डॉक्टर बाईंना बोलावलं होतं. स्तनाचा आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर यावर त्या अगदी घरच्यासारख्या बोलल्या. हॉल गच्च, दारापर्यंत बायका उभ्या. पुढच्याच आठवड्यात त्याच हॉलमध्ये मोफत तपासणी ठेवली, सकाळी अकरा ते दुपारी तीन. आल्या कोण, तर ज्यांची नवऱ्याच्या कंपनीतून दरवर्षी तपासणी होतेच अशा.

जिन्यात थांबवून "वहिनी, अंगावरून पांढरं जातंय हो" असं हळूच सांगणाऱ्या, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या, पहाटे डबे करून पवईला धुण्याभांड्याला जाणाऱ्या, त्यातली एकही नाही. नंतर विचारलं तर कोणी म्हणे खाडा पडतो, कोणी म्हणे मला काही त्रास नाही. एकीने तर हात जोडून सांगितलं, "नको वहिनी, निघालं तर काय करू?"

मला हे सोडून द्यायचं नाही. आमच्याच मजल्यावरची एक बाई गेल्या वर्षी गेली. छातीत गाठ होती, दुखत नव्हती म्हणून तिने कोणाला सांगितलंच नाही. मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू. लग्न झालं तोवर गाठीवरची कातडी फुटली होती. शेवटच्या दिवसांत आम्ही आळीपाळीने तिच्याजवळ बसायचो. ती सारखी एकच म्हणायची, "दुखलं असतं तर गेले असते गं."

पुन्हा शिबिर घ्यायचं आहे. कोणत्या वयाला कोणती तपासणी? या बायकांना आणायचं कसं? आणि खरंच काही निघालं तर पुढे काय? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

निवृत्त_आरोग्यसेविका

वहिनी, तुमच्या मजल्यावरच्या त्या बाईंबद्दल वाचून गलबलून आलं. "दुखत नाही" हे मी इतक्या घरांत ऐकलंय. हळदीकुंकवात दुसरं काही सांगायला वेळ नसेल तर एवढंच सांगा: स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. गाठ दुखत नसली तरी दाखवायचीच.

मी पूर्व उपनगरात महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर काम केलं. घरोघरी फिरणं हेच आमचं काम. आधी वेळेचं बोलते. अकरा ते तीन या वेळेत घरकाम करणारी बाई घरी असतच नाही. ती चारच्या सुमाराला परतते, पाठ टेकते, पाचला पाणी भरते. तुमच्या नगरात पाणी कधी येतं ते बघा आणि ती वेळ टाळा. रविवारी दुपारी चार ते सात ठेवा. एक दिवस न ठेवता लागोपाठ तीन-चार रविवार ठेवा, कारण पाळी चालू असताना गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करत नाहीत. एकच तारीख दिलीत तर कितीतरी जणी नुसत्या पाळीमुळे गळतात, आणि तुम्हाला वाटतं त्या घाबरल्या.

आता तपासणीचं. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना तीन कॅन्सरसाठी तपासायचं ठरलेलं आहे: तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख, म्हणजेच गर्भपिशवीचं तोंड. गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी, ६५ पर्यंत. यातलं कशालाच महागडं मशीन लागत नाही. तोंड बॅटरीच्या उजेडात बघतात. स्तन प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टर हाताने तपासतात. गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड कापसाने लावतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि मिनिटभर थांबून उजेडात बघतात. जिथे पेशी बदलायला लागलेल्या असतात तिथे पांढरा डाग उमटतो. थोडं चुरचुरतं. एवढंच. तिला 'व्हीआयए' म्हणतात. बायकांना आधी हे सगळं, अगदी आत चमच्यासारखं अवजार घालतात हेसुद्धा, सांगून टाका. टेबलावर पडल्यावर अचानक कळलं की ती बाई उठून जाते आणि शेजारच्या चौघींनाही परत नेते.

ही तपासणी गरिबांसाठी काढलेला स्वस्तातला पर्याय आहे असं कोणी म्हणालं तर त्याला आपल्याच मुंबईची गोष्ट सांगा. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी अशी तपासणी, चार फेऱ्या. आणि ती तपासणी कोणी केली? मोठ्या डॉक्टरांनी नाही. दहावी झालेल्या, वेगळं प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी. बारा वर्षांनी आकडे बघितले तर तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. मी स्वतः दहावीच शिकलेली. तो निकाल ऐकला तेव्हा मला जो अभिमान वाटला तो अजून आहे.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के बायका तपासणीला आल्या. पण डाग दिसलेल्यांपैकी पुढच्या खात्रीच्या तपासणीला पोचल्या सुमारे ७९ टक्के. एवढं जीव ओतून काम केलेल्या ठिकाणीसुद्धा पाचातली एक बाई मधल्या वाटेवर राहिली. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या शिबिरात मागे कोणी नसलं तर किती राहतील?

म्हणून माझं कळकळीचं सांगणं. शिबिराची तारीख ठरवायच्या आधी "निघालं तर काय करू" याचं उत्तर कागदावर लिहून ठेवा. कोणत्या हॉस्पिटलात, कोणत्या वारी, कोणती ओपीडी, केसपेपर कुठे काढायचा आणि सोबत कोण जाणार. प्रत्येक जिन्यातली एक बाई 'सोबतीण' म्हणून ठरवा. हे नसेल तर शिबिर पुढे ढकला. जिला डाग निघालाय असं सांगून आपण सोडून दिलं, तिला आपण फक्त भीती दिली. ती पुढच्या शिबिराला कधीच येणार नाही.

घोडबंदर_रोड

चांगला विषय. पण एक शंका. आमच्या ऑफिसमध्ये तिशीच्या मुलींनाही मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं, पॅकेज देतात. वस्तीतल्या बायकांना मात्र हाताने तपासायचं, हे बरोबर वाटत नाही. देणग्या जमवून मॅमोग्राफीची व्हॅनच का आणू नये?

स्त्रीरोग_परळ

घोडबंदर_रोड, तुमच्या शंकेमागची भावना पटते, म्हणून नीट उत्तर देते. तिशीत स्तनातल्या ऊती दाट असतात. मॅमोग्राफीत दाट ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे त्या वयात ती चाचणी फसते. काही तक्रार नसलेल्या, घरात कोणाला हा आजार नसलेल्या तिशीच्या मुलीला तिचा फारसा उपयोग नाही. ऑफिसचं पॅकेज म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे.

हाताने केलेल्या तपासणीचं म्हणाल तर वर ताईंनी सांगितलेल्या अभ्यासात तीही होती. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. तपासणीच्या वस्त्यांत कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसरीकडे ४७ टक्के. ५० आणि त्यापुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेव्हा वहिनी, पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या मागे विशेष लागा. "आता माझं काय राहिलंय" म्हणत त्याच सगळ्यात आधी मागे सरतात. मॅमोग्राफी ज्यांना गाठ लागली किंवा ज्यांच्या आई-बहिणीला हा आजार झाला त्यांच्यासाठी राखून ठेवा. तुमच्या देणग्या तिथे, आणि हॉस्पिटलच्या रिक्षा-गाडीभाड्याला, जास्त कामी येतील.

गर्भाशयमुखाबद्दल थोडी भर. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या वर्षानुवर्षं टिकलेल्या संसर्गातून होतो. निरोगी बाईत पहिल्या बदलापासून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा मोठा काळ हातात असतो आणि तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला. याचा मला रोज ओपीडीत राग येतो. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे शंभरदा सांगा. डाग निघालेल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो. पुढे कॉल्पोस्कोपी होते, म्हणजे दुर्बिणीतून बघणं. गरज पडली तर बदललेला भाग उष्णता देऊन किंवा गोठवून काढतात. बाई त्याच दिवशी घरी जाते, पिशवी शाबूत राहते.

पाळी गेलेल्या बायकांत, जिथे हे बदल सुरू होतात तो पेशींचा जोड आत सरकतो, त्यामुळे व्हीआयए नीट वाचता येत नाही. तिथे एचपीव्ही चाचणी किंवा पॅप, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत तपासणं, चांगलं. येणाऱ्या संस्थेला हे आधी विचारा. तुमच्याकडून स्लो लोकलने शीव किंवा परळ सरळ पडतं. शीवचं लोकमान्य टिळक, केईएम, टाटा, सगळं त्याच मार्गावर आहे. शिबिरासाठी इंडियन कॅन्सर सोसायटी आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईतल्या जुन्या संस्थांना लिहा. एक १९५१ पासूनची, दुसरी १९६९ पासूनची.

भांडुपची_लेक

मी एरवी इथे फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं कारण माझी आई त्या डाग निघालेल्यांपैकी.

आई तीन घरची कामं करते. शिबिरात तिला एक चिठ्ठी दिली, "पुढील तपासणीसाठी जावे". चिठ्ठी इंग्रजीत होती. आईने ती देव्हाऱ्याखाली ठेवली आणि कोणाला काही बोलली नाही. मला सापडली दिवाळीच्या साफसफाईत. तोवर पाच महिने ती एकटी रात्री जागत होती. तिला वाटत होतं आपल्याला झालाय, आणि हा "तसल्या" बायकांना होतो म्हणून बाबांना कळलं तर काय म्हणतील. हा विषाणू लग्न झालेल्या, एका नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कृपा करून हे माइकवरून सांगा, आणि नवऱ्यांसमोर सांगा.

मग आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. चुकीच्या रांगेत उभं राहिलो, तो दिवस गेला, आईचा खाडा झाला, एका घरच्या बाईने पगार कापला. आई म्हणाली आता नाही येणार. पुढच्या वेळी आमच्या चाळीतली एक काकू सोबत आली. तिचं तिथे स्वतःचं ऑपरेशन झालेलं, तिला सगळ्या खिडक्या माहीत. तिने आईचा हात धरला आणि दुपारी दोनपर्यंत कॉल्पोस्कोपी होऊन आम्ही बाहेर होतो. कॅन्सर नव्हता. आधीचे बदल होते, ते पुढच्या भेटीत काढले. आई दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

सेविका मावशींनी 'सोबतीण' लिहिलंय ना, ते आमच्या घरात अगदी खरं ठरलंय. चिठ्ठी मराठीत लिहा, वहिनी. वर फोन नंबर तुमच्या मंडळातल्या बाईचा द्या, हॉस्पिटलचा नको. तो कोणी उचलत नाही. आणि ज्या घरी बायका कामाला जातात तिथल्या मॅडमना मंडळाच्या लेटरहेडवर एक पत्र द्या, की एक दिवसाची पगारी सुट्टी द्यावी. आईच्या दुसऱ्या घरच्या बाईंनी तसं पत्र बघून सुट्टी तर दिलीच, शिवाय स्वतःही तपासून आल्या.

मंडळाचा_कार्यकर्ता_लालबाग

पुरुषांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे गणपतीच्या दहा दिवसांत मंडपाच्या मागे तोंड तपासणीचं टेबल लावतो. रात्री आठ ते अकरा. डेंटल कॉलेजची मुलं येतात. रिक्षावाले, माथाडी, आमचेच कार्यकर्ते, सगळ्यांना आरतीनंतर एकेक करून बसवतो. पोलीस बंदोबस्ताला आलेले हवालदारसुद्धा बसतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते पोरांना ठाऊक आहे.

घरी बघायचं असेल तर: पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, आणि स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का. जात नसतील तर लगेच दाखवायचं. सुटत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत लाइन १८००-११-२३५६. आमच्यातल्या एकाने त्यावर बोलून बोलून सोडली. आता तोच टेबलावर बसून इतरांना बसवतो.

निवृत्त_आरोग्यसेविका

लालबागच्या दादांना मनापासून धन्यवाद. यात मिश्री घाला. आपल्या बायका तंबाखू खात नाहीत असं सांगतात आणि मिश्री दिवसातून चारदा लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. सासूने लावायला शिकवलेली असते, दात स्वच्छ राहतात म्हणून. अशा बाईला रागावू नका. मिश्रीवाल्या घरी मी आधी आजीचं तोंड बघायचे. आजीने तोंड उघडलं की सुनाही पुढे यायच्या.

स्त्रीरोग_परळ

एक राहिलं होतं. मुलींच्या लशीचा विषयही शिबिरात घ्या. एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात दिली तर सगळ्यात चांगली. पुण्याच्या सीरमने केलेली 'सर्व्हाव्हॅक' २०२३ पासून आली आहे. स्वतःसाठी न येणारी आई मुलीसाठी येते, आणि आली की तिला तिथेच आत घ्या. लस घेतलेल्या मुलींनीही मोठेपणी तपासणी करायचीच आहे, हेही सांगून ठेवा.

कन्नमवार_वहिनी

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काल रात्री मंडळाच्या बायकांना सगळं वाचून दाखवलं. भांडुपच्या लेकीचं वाचताना दोघी रडल्या, आणि त्यातली एक म्हणाली, "मी होते सोबतीण." प्रत्येक जिन्यात एक असं करत जवळजवळ सगळे जिने झाले. एप्रिलचे रविवार, दुपारी चारनंतर. हॉलमध्ये नुसता पडदा होता, आता शेजारच्या बालवाडीची खोली मिळवतोय, तिला दार आणि कडी आहे. एका सोबतिणीचा मुलगा टाटाला वॉर्डबॉय आहे, तो कुठल्या वारी कुठे जायचं ते विचारून मोठ्या अक्षरात लिहून देणार आहे. उपचाराची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारे कागद, रेशनकार्ड आणि आधार, आत्ताच बघून ठेवायला सांगतोय. कितीतरी जणींच्या रेशनकार्डावर अजून माहेरचं नाव आहे, ते दुरुस्त करायला आमच्या खजिनदार बाई बसल्यात.

एक प्रश्न मात्र सगळ्यांकडून येतोय. "माझं ऑपरेशन झालंय, मला कशाला?" असं कितीजणी म्हणतात. त्यांना काय सांगू?

निवृत्त_आरोग्यसेविका

आधी विचारा कोणतं ऑपरेशन. मुलं बंद करायचं ऑपरेशन झालं असेल तर पिशवी आणि तिचं तोंड जागच्या जागी आहे, तपासणी करायचीच. पिशवी काढली असेल तर हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद घेऊन यायला सांगा. कधी कधी पिशवी काढतात आणि तोंड राहतं, अशा बाईला तपासणी लागते. तोंडासकट काढली असेल आणि ती कॅन्सरसाठी किंवा कॅन्सरच्या आधीच्या बदलांसाठी काढलेली नसेल तर ही तपासणी नको. पण स्तन आणि जेवायचं तोंड तिचंही बघायचं आहे. कागद बऱ्याच जणींकडे नसेल. गावाला राहिला, पावसात भिजला, असं सांगतील. कागद नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवू नका, आत घ्या, डॉक्टर बघून सांगतील. मी मुलुंडला राहते. पहिल्या रविवारी साडेतीनला येते.